उन्हाळ्यातली ब्रॉयलर (मांसाच्या कोंबड्यांची) बॅच: ऊन आणि खाद्य दोन्ही एकत्र कसं सांभाळायचं (पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी)

ज्यांनी नुकतंच शेड उभं केलंय आणि पहिली किंवा दुसरीच बॅच मार्च-एप्रिलमध्ये पडणार आहे (म्हणजे पिल्लं शेडमध्ये येणार आहेत) त्यांच्यासाठी हे लिहितोय. साधं दोन्ही बाजूंनी जाळीचं शेड, पडदे, ५००० च्या आसपास पक्षी आणि कंपनीचं काँट्रॅक्ट, म्हणजे पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं आणि शेड, पाणी, लाईट, मजुरी आपली, असं धरून चाललोय, कारण आपल्याकडे नवीन माणूस बहुतेक असाच सुरू करतो. लेअरवाल्यांना (अंड्याच्या कोंबड्या) आणि ईसी शेडवाल्यांना (बंद शेड, पंखे आणि कूलिंग पॅडने आतली हवा गार ठेवणारं) यातलं बरंच उपयोगी पडेल पण त्यांचं सगळं इथे नाही.

नवीन लोक मर (किती पक्षी मेले) एका वहीत आणि एफसीआर (एक किलो वजनामागे किती किलो खाद्य गेलं) दुसऱ्या वहीत बघतात, आणि उन्हाळ्यात तिथेच फसतात. पक्षी जे खातो ते पचवताना त्याच्या अंगात उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यावर साधारण ४ ते ६ तासांनी सगळ्यात जास्त असते. म्हणजे सकाळी १० ला पोटभर खाल्लेला पक्षी दुपारी २-३ ला आतून पण तापलेला असतो आणि बाहेरून पत्रा पण तापलेला असतो. चुकीच्या वेळी घातलेलं खाद्य वजन तर देत नाहीच, वर पक्षी मारतं. खाद्याची वेळ सांभाळली की दोन्ही वह्या एकदम सुधारतात, हेच मला या लेखात सांगायचंय, बाकी सगळं त्याच्या अवतीभवती.

आधी पक्ष्याला काय होतं ते समजून घ्या. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नाहीत. तिच्या अंगाचं तापमान एरवीच ४१ अंशांच्या आसपास असतं. मोठ्या ब्रॉयलरला १८ ते २४-२५ अंशात बरं वाटतं. ३० च्या वर गेलं की तो पंख अंगापासून लांब धरतो, खाणं कमी करतो, पाणी वाढवतो, आणि मग चोच उघडून धापा टाकायला लागतो, कारण तोंडातून वाफ सोडणं एवढाच गार व्हायचा मार्ग त्याच्याकडे उरतो. या धापा टाकण्यात ताकद जाते, म्हणजे खाल्लेल्या खाद्यातला काही भाग मांस न होता नुसता श्वासात संपतो. शिवाय जास्त श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि रक्ताचा समतोल बिघडतो, लेअरमध्ये उन्हाळ्यात अंड्याचं कवच पातळ पडतं त्याचं एक कारण हेच. ३५ च्या पुढे मोठा पक्षी धोक्यात, आणि सगळ्यात आधी जातो तो सगळ्यात वजनदार पक्षी. ज्याच्यावर आपण सगळ्यात जास्त खाद्य घातलंय तोच.

पायरी १: पिल्लं पडायच्या आधी शेड

नवीन बांधत असाल तर लांबी पूर्व-पश्चिम ठेवा म्हणजे ऊन लांब बाजूने आत शिरत नाही. रुंदी ३० फुटांच्या आत, नाहीतर मधल्या पक्ष्यांना वारा लागत नाही. पत्रा भिंतीच्या बाहेर निदान ३ फूट आलेला असावा. ज्यांचं शेड बांधून झालंय आणि दिशा चुकलीय त्यांनी वाईट वाटून घेऊ नका, पश्चिमेला आणि दक्षिणेला शेडनेट पुढे ओढून बांधा आणि बुंधा उंच जाणारी झाडं लावा, खाली दाट झुडूप नको कारण ते वारा अडवतं. जाळीसमोरचं गवत आणि रचून ठेवलेलं अडगळीचं सामान आजच काढा.

पत्र्याला वरून चुना मारायचा, चुन्यात थोडा फेविकॉल घातला की लवकर उडत नाही. फेब्रुवारीअखेर हे झालेलं असावं. त्यावर उसाचं पाचट किंवा भाताचा पेंढा टाकला तर आणखी फरक पडतो पण दोन गोष्टी लक्षात ठेवा, एक म्हणजे वळवाच्या वादळात ते सगळं उडतं म्हणून दोरीने किंवा जुन्या जाळीने बांधा, आणि दुसरं म्हणजे वाळकं पाचट आणि वायरिंगचा जुना जॉइंट जवळ येऊ देऊ नका, आग लागली तर मिनिटात शेड जातं. पत्र्यावर स्प्रिंकलर लावला असेल तर तो पत्रा तापल्यावर २ वाजता नाही, १०-११ लाच सुरू करायचा आणि थोड्या थोड्या वेळाने चालू-बंद करत राहायचा.

तुसाची गादी उन्हाळ्यात २ इंच पुरे. जाड गादी खालून ऊब धरते.

पायरी २: पक्षी कमी टाका

हे सगळ्यात जड जातं कारण कंपनीची गाडी आली की वाटतं जेवढे बसतील तेवढे घ्यावेत. एरवी पक्ष्याला १ ते सव्वा चौरस फूट जागा चालते, एप्रिल-मेमध्ये मोठे होणारे पक्षी असतील तर सव्वा ते दीड धरा. म्हणजे ५००० च्या शेडमध्ये ४००० ते ४५००. कंपनीच्या सुपरवायझरशी पिल्लं यायच्या आधी बोलून घ्या, नंतर बोलून काही होत नाही.

पहिल्या दोन आठवड्यांबद्दल एकच सूचना. पिल्लांना उन्हाळ्यातही ऊब लागते, पहिल्या आठवड्यात ३३-३४ अंश, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. दिवसा ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारं साधन) बंद चालतो पण पहाटे ३-४ ला गारवा येतो तेव्हा पिल्लं एका कोपऱ्यात जमतात, हे बघायला उठायलाच लागतं. ७ व्या दिवशी वजन पिल्लाच्या पहिल्या वजनाच्या चौपट झालं पाहिजे, ४० ग्रॅमचं पिल्लू असेल तर १६० च्या वर. तिथे मागे पडलेली बॅच उन्हाळ्यात पुढे भरून निघत नाही.

पायरी ३: पाणी

साधारण गार हवेत पक्षी जेवढं खातो त्याच्या पावणेदोन ते दुप्पट पाणी पितो. कडक उन्हात तेच तिप्पट आणि त्याच्याही पुढे जातं. पाचव्या आठवड्यातला पक्षी दिवसाला १५०-१६० ग्रॅम खातो असं धरलं तर ५००० पक्ष्यांना एरवी दीड हजार लिटर लागतं आणि मे महिन्यात अडीच हजार लिटरची सोय पाहिजे, फॉगर (शेडमध्ये बारीक धुक्यासारखं पाणी सोडणारा) आणि स्प्रिंकलरचं पाणी वेगळं. मेमध्ये विहीर-बोअर किती वेळ चालते हे जानेवारीतच विचारून ठेवा.

आता महत्त्वाचं. काळी टाकी उन्हात आणि पीव्हीसी पाइप पत्र्याखालून गेलेला, दुपारी १ ला त्या पाण्यात हात घालून बघा. आपल्याला कोमट लागलं तर पक्षी ते पिणं कमी करतो, आणि पाणी कमी झालं की खाणं कमी होतं आणि मग माणूस म्हणतो खाद्य खराब आलं. टाकीवर सावली करा, भोवती ओलं बारदान गुंडाळा, बाहेरचा पाइप जमिनीत गाडा, आणि दुपारी ११ ते ४ मध्ये दर तासाला शेवटचा व्हॉल्व्ह सोडून लाइनमधलं गरम पाणी बाहेर काढा. मेहनत कमी, फायदा मोठा, तरी फार कमी शेडवर हे होताना दिसतं.

हँगिंग ड्रिंकर असतील तर एरवीपेक्षा निदान पाव हिस्सा जास्त लावा, निपल (चोचीने दाबलं की पाणी सोडणारी तोटी) असेल तर एका निपलवर १० पक्ष्यांच्या वर नको आणि प्रत्येक निपल बोटाने दाबून बघा.

पायरी ४: खाद्याचं घड्याळ

साधारण तिसऱ्या आठवड्यापासून, म्हणजे १८-२० दिवसांच्या पुढे, हे वेळापत्रक सुरू करा. त्याआधी पिल्लांचं खाद्य काढायचं नाही.

पहाटे ३ ला लाईट लावायची आणि खाद्य द्यायचं. दिवसातली सगळ्यात गार वेळ म्हणजे ३ ते ८, या वेळात पक्षी सगळ्यात जास्त आणि सगळ्यात शांतपणे खातो, ती झोपेत घालवली तर त्याची भरपाई दुसऱ्या कुठल्याच वेळी होत नाही. मग सकाळी ९.३०-१० ला खाद्याची भांडी (फीडर) वर ओढायची, विदर्भात किंवा जळगावकडे ९ लाच. सगळी फीडर एका दोरीवर किंवा वायरवर घेऊन गरगडीने वर जातील अशी सोय आधीच करून ठेवा, नाहीतर दोनशे फूट शेडमध्ये एकेक भांडं उचलता उचलता १२ वाजतात आणि उन्हाच्या तोंडावर पक्षी उधळतात.

संध्याकाळी भांडी कधी सोडायची याला लोक ५ ची वेळ ठरवून टाकतात, ते मला पटत नाही. घड्याळ बघू नका, पक्षी बघा. बहुतेक पक्ष्यांच्या चोची मिटल्या, धापा थांबल्या की सोडा, मग ते ५ ला होवो नाहीतर साडेसहाला. आणि सोडताना सगळी भांडी खाद्य घातलेली आणि एकदमच खाली आली पाहिजेत, निम्मी आधी आणि निम्मी नंतर असं केलं की भुकेले पक्षी एकाच भांड्यावर चढतात, पाठी ओरबाडल्या जातात, काही गुदमरतात. साधारण ४० पक्ष्यांमागे १ फीडर तरी पाहिजेच. रात्री १० पर्यंत खाऊ द्या, मग १० ते ३ अंधार. विश्रांती पण वजनातच मोजली जाते.

पहिल्या एक-दोन दिवशी दिवसाचं खाद्य थोडं कमी झालेलं दिसेल, घाबरू नका, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पक्षी पहाटे आणि संध्याकाळी जास्त खायला शिकतो. आणि हो, भांडी वर, पण पाणी कधीच बंद नाही.

सुपरवायझरला हे वेळापत्रक सांगूनच करा, काही कंपन्यांची स्वतःची पद्धत असते आणि खाद्याचा हिशेब त्यांना द्यायचा असतो.

सांडणारं खाद्य हा वेगळा चोर आहे. फीडरची कड पक्ष्याच्या पाठीच्या रेषेत पाहिजे, पक्षी वाढतो तशी दर ३-४ दिवसांनी उंची वाढवायची. भांडं काठोकाठ भरायचं नाही, एक तृतीयांश पुरे. पेलेटची (गोळी खाद्याची) पावडर खाली साचली की पक्षी ती ढकलून ढकलून बाहेर टाकतो, म्हणून दुपारी भांडी वर असताना ती झटकून घ्या. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर लांब ठेवायची, आणि एकदम महिन्याचं खाद्य उतरवून घेऊ नका कारण तापलेल्या खोलीत जीवनसत्त्वं उडतात आणि तेल खवट होतं. ८-१० दिवसांचा साठा बरा.

स्वतः खाद्य बनवणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. उन्हाळ्यात ऊर्जेचा थोडा भाग मक्याऐवजी तेलातून द्या, तेल पचताना उष्णता कमी तयार होते, आणि नुसतं प्रोटीन वाढवू नका, लायसिन-मेथिओनिन (प्रोटीनमधली गरजेची अमिनो आम्लं) बरोबर ठेवून प्रोटीन थोडं कमी केलेलं चांगलं. आणि कॉक्सीसाठी (कॉक्सिडिओसिस, आतड्याचा परजीवी रोग) निकार्बाझिन घालत असाल तर कडक उन्हात ते थांबवा, त्याने उष्णतेची मर वाढते हे फार जुनं माहीत असलेलं आहे. आपल्या पशुवैद्यकाला विचारून दुसरं घ्या.

पायरी ५: दुपार

१२ ते ५ शेड सोडून जाऊ नका, लग्न असो की बाजार. या वेळात लस नाही, वजन नाही, गादी हलवणं नाही, पक्ष्यांच्या मागे पळणं नाही. ही कामं पहाटे करा. फक्त तासाभराने एकदा हळू, अगदी सावकाश शेडमधून चालत जायचं म्हणजे बसलेले पक्षी उठतात, त्यांच्या पोटाखाली आणि मधे कोंडलेली गरम हवा निघते, आणि काही पाण्यापर्यंत जातात.

फॉगर आणि हवेतली आर्द्रता याचं नातं नीट समजून घ्या. नागपूर, चंद्रपूर, जळगाव, परभणी इकडे एप्रिलची हवा कोरडी असते, तिथे फॉगर आणि पंखा मिळून चांगलं काम करतात. पनवेल, कर्जत, अलिबागकडे हवेतच दमटपणा, तिथे फॉगर चालवला की शेड वाफेने भरतं आणि पक्ष्याच्या तोंडातली वाफ उडत नाही, तो जास्त लवकर मरतो. दमट भागात पंखा आणि फक्त पंखा, जोराचा वारा पक्ष्याच्या अंगावरून गेला पाहिजे. एक सोपा हिशेब आहे: तापमान फॅरेनहाइटमध्ये घ्या, त्यात आर्द्रतेचा टक्का मिळवा, बेरीज १६० च्या वर गेली की धोका. ३६ अंश म्हणजे ९७ फॅरेनहाइट, आर्द्रता ६५, बेरीज १६२. पण हा हिशेब कोरड्या भागात वापरू नका, ४२ अंशाला आर्द्रता २० असेल तर बेरीज १२८ च येते आणि तरी मोठे पक्षी पडतात. दोनशे-चारशे रुपयांचं तापमान-आर्द्रता दाखवणारं मीटर पक्ष्यांच्या उंचीवर टांगा, माणसाच्या उंचीवर नाही.

फॉगर एक-दोन मिनिटं चालू, मग ५-१० मिनिटं बंद. आर्द्रता ७० च्या वर गेली की पूर्ण बंद. सतत चालवला तर गादी ओली होते, अमोनिया होतो, मग कॉक्सी. बारदानाचे पडदे ओले करायचे ते वाऱ्याच्या बाजूने आणि तेही हवा जाईल असे, चारही बाजू बंद करून ओल्या केल्या तर आत कोंडतं.

आणि मे महिन्यातली एक वेळ कायम लक्षात ठेवा. दुपारी ४ ला वळवाचा एक झपाटा येतो, १५ मिनिटं पडतो, थांबतो, आणि मग तापलेल्या जमिनीतून वाफ उठते, वारा बंद. आपल्याला वाटतं गार झालं, आणि पडदे पाडलेले तसेच राहतात. मोठी मर कितीतरी वेळा याच तासात होते. पाऊस थांबला की लगेच पडदे उघडा, फॉगर बंद, पंखे पूर्ण वेगात.

इलेक्ट्रोलाइट आणि व्हिटॅमिन सी पाण्यातून द्यायचं तर सकाळी १० ते ४ द्या, पाकिटावरच्या मापाने, ताजं कालवून, आणि रात्री साधं पाणी. गुळाचं पाणी बरेच जण देतात, त्याने नुकसान नाही पण लाइन रोज धुवा नाहीतर आत बुळबुळीत थर साचतो. आणि शेड, पाणी, खाद्याची वेळ जागेवर नसताना औषधांवर पैसे घालू नका.

पायरी ६: हिशेब

एफसीआर म्हणजे एकूण खाद्य भागिले विकलेलं एकूण जिवंत वजन. समजा ५००० पिल्लं, ३२० पोती म्हणजे १६००० किलो खाद्य, ४० दिवस, २५० मर, ४७५० पक्षी सरासरी २.१ किलोने गेले. वजन ९९७५ किलो, एफसीआर १.६०. आता हीच बॅच ३६ व्या दिवशी एका दुपारी आणखी २०० पक्षी गमावते असं धरा. खाद्य जवळजवळ तेवढंच, वजन ९५५५ किलो, एफसीआर १.६७. बाकी ४ दिवस ते २०० खाणार नाहीत म्हणून खाद्य थोडं वाचेल, पण ३६ दिवस खाल्लेलं परत येत नाही. कंपन्या बघतात तो ईईएफ (बॅचच्या कामगिरीचा आकडा) पण काढून बघा: (जगलेले टक्के गुणिले सरासरी वजन) भागिले (दिवस गुणिले एफसीआर), आलेल्या आकड्याला गुणिले १००. पहिल्या उदाहरणात ९५ टक्के जगले, ३११ येतो, दुसऱ्यात ९१ टक्के, २८५. एका दुपारचा फरक.

म्हणून रोज संध्याकाळी वहीत चार आकडे: किती पोती गेली, किती लिटर पाणी (टाकीवर खुणा करून ठेवा), मर किती आणि कुठल्या वेळी, दुपारचं सगळ्यात जास्त तापमान. दर आठवड्याला पहाटे भांडी भरायच्या आधी शेडच्या चारही कोपऱ्यांतून आणि मधून मिळून ५०-१०० पक्षी वजन करा. पाणी वाढलं आणि खाद्य घटलं तर ते ऊन आहे. पाणी आणि खाद्य दोन्ही घटलं तर डॉक्टरला फोन करा, ते बहुतेक दुसरं काहीतरी आहे.

पक्षी पडायला लागले तर

भांडी खाली असतील तर आधी वर. लाइनमधलं पाणी सोडा. पत्र्यावर पाणी, सगळे पंखे, लाईट गेली असेल तर जनरेटर (तो आठवड्यातून एकदा चालवून बघितलेला असला पाहिजे, डिझेलसकट). आडवे झालेले पक्षी उचलून सावलीत वाऱ्याला ठेवा, डोकं बाहेर ठेवून अंग पाण्यात बुडवून काढा, एकावर एक ठेवू नका. मेलेले लगेच बाहेर, खड्ड्यात चुना टाकून पुरा. मेलेला पक्षी कुणालाही, कितीही कमी भावात, द्यायचा नाही.

उन्हाची मर सहसा दुपारी ३ ते संध्याकाळी ७ मध्ये, वजनदार पक्ष्यांची, आणि उघडून बघितलं तर छातीचं मांस शिजल्यासारखं पांढरट दिसतं. रात्री किंवा सकाळी मर होत असेल, लहान-मोठे सगळे जात असतील, हिरवी हगवण, मान वाकडी, तोंडावर सूज असं काही असेल तर ऊन म्हणून सोडून देऊ नका. राणीखेत असू शकतो, त्याहून मोठंही असू शकतं, २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नंदुरबारच्या नवापूरला सापडला होता. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा. पुणे-साताराकडच्या लोकांना शिरवळचं पशुवैद्यक महाविद्यालय जवळ आहे, विदर्भात नागपूरचं.

लिफ्टिंग

विक्रीचे पक्षी उचलायची (लिफ्टिंगची) गाडी रात्री किंवा पहाटेच बोलवा, दुपारी आलेली गाडी शक्यतो थांबवून ठेवा. पक्षी धरायच्या काही तास आधी खाद्य बंद करायचं पण पाणी अगदी धरेपर्यंत चालू. क्रेटमध्ये एरवीपेक्षा १-२ पक्षी कमी भरायला सांगा आणि भरलेली गाडी उभी ठेवू नका, चालत्या गाडीला वारा लागतो, उभ्या गाडीत मधले क्रेट तापतात. तीन-चार दिवसांत थोडे थोडे पक्षी उचलायचे असतील तर आधी सगळ्यात वजनदार द्या, मागे राहिलेल्यांना जागा मिळते आणि ते शेवटचे दिवस चांगलं वजन धरतात.

ईसी शेडवाल्यांनी कूलिंग पॅड आणि टनेलचे पंखे फेब्रुवारीतच धुवून घ्या. लाईट गेल्यावर तुमच्याकडे उघड्या शेडसारखा वेळ नसतो, बंद शेडमध्ये काही मिनिटांत मर सुरू होते, तेव्हा अलार्म आणि आपोआप सुरू होणारा जनरेटर याशिवाय मे महिन्यात बॅच टाकू नका.